ओट्यामागच्या भिंतीचा हिशेब

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत नव्याने सजवलेल्या स्वयंपाकघरांवर जो सचित्र लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. एकदा उत्सुकतेने आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. उत्सुकता अशासाठी, की डोंबिवलीतील आमच्या स्वयंपाकघराचे काम तेव्हा आटोपत आले होते आणि ओट्यामागच्या भिंतीला काय लावायचे, एवढा एकच निर्णय उरला होता. पेन्सिल अशासाठी, की लेखात या भिंतीबद्दल रंग, नक्षी आणि ‘खोलीला येणारा उठाव’ यांपलीकडे एक शब्द नव्हता. सोबतच्या छायाचित्रांतील एकाही शेगडीवर कढई नव्हती, एकाही ओट्यावर तेलाची बरणी किंवा मिसळणाचा डबा नव्हता. या भिंतीचा जन्मच मुळी कढईमुळे झालेला असल्याने कढईला वगळून तिच्याविषयी लिहिता येत नाही, असे माझे मत आहे आणि तेच सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या भिंतीला मराठीत स्वतंत्र नाव नाही. लेखात तिला ‘बॅकस्प्लॅश’ म्हटले होते, आमचे मिस्त्री ‘डॅडो’ म्हणतात आणि माझ्या सासूबाई नुसते ‘ओट्याची भिंत’ म्हणत. नाव नसण्याचे कारण बहुधा असे, की उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटाच आपल्याकडे तसा अलीकडचा. चूल जमिनीवर होती तेव्हा तिच्यामागची भिंत शेणामातीने सारवलेली असे. ती धुराने काळवंडली की तिच्यावर पुन्हा एक हात फिरवला जाई आणि डागासकट भिंतच नवी होऊन जाई. डाग ‘काढण्याचा’ प्रश्न भिंत पक्की झाल्यावर आला. कडाप्प्याचा ओटा आला, पाठोपाठ त्याच्यामागे दोन फुटांपर्यंत पांढऱ्या चकचकीत टाइल्स आल्या आणि त्यांच्या वर तैलरंग.

आमची इमारत १९८८ सालची. स्वयंपाकघरात सहा इंच बाय सहा इंचांच्या पांढऱ्या टाइल्स होत्या, त्या या वर्षी फोडल्या. फोडण्याच्या आदल्या दिवशी मी त्या भिंतीकडे प्रथमच नीट पाहिले. पस्तीसहून अधिक वर्षांच्या फोडण्या सोसूनही टाइल्स पहिल्या दिवसाइतक्याच पांढऱ्या होत्या. तपकिरी, चिकट आणि शेगडीमागे तर पार काळी झाली होती, ती त्यांच्यामधली पांढऱ्या सिमेंटची जाळी. म्हणजे इतकी वर्षे मी घासत होते ते टाइल्सना नव्हे, सांध्यांना. आणि हे माझ्या लक्षात यायला भिंत फोडायची वेळ यावी लागली. मी शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले, त्यामुळे पुढचा विचार आपोआपच त्या दिशेने गेला.

त्याआधी दुकानांविषयी. कल्याण-डोंबिवलीतील चार दुकाने आम्ही पाहिली. माल बहुतेक गुजरातमधल्या मोरबीचा, जिथे देशातील बहुतांश सिरॅमिक टाइल्स तयार होतात. त्यामुळे दुकाने चार असली तरी टाइल्स फिरून फिरून त्याच समोर येत होत्या. विक्रेते नम्र होते, चहाही मिळाला, पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, ‘मॅडम, सध्या हेच चालतं.’ सध्या चालतात त्यांत आयताकृती छोट्या पांढऱ्या टाइल्सचा क्रमांक वरचा आहे. तीन इंच बाय सहा इंचांच्या या टाइल्स १९०४ साली सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत लागल्या, म्हणून त्यांना ‘सबवे’ म्हणतात. जमिनीखालच्या अंधाऱ्या जागेत उजेड परतवणारी आणि धुता येणारी भिंत हवी, हा त्यामागचा विचार अगदी योग्य होता. फक्त त्या स्थानकांत मोहरी कोणी तडतडवत नव्हते. आमच्या सूनबाईंना मात्र निळ्या नक्षीची मोरोक्कन टाइल फार आवडली. ‘अहो आई, या एका भिंतीने घर बदलून जाईल,’ असे ती म्हणाली, आणि दुकानातल्या त्या नेमक्या टाइलवर सोडलेल्या दिव्याखाली ते खरेही वाटत होते.

आता हिशेब. आमचा ओटा काटकोनात वळलेला आहे, एक बाजू नऊ फुटांची व दुसरी पाच फुटांची. मागची भिंत दोन फूट उंच मढवायची, म्हणजे १४ गुणिले २, एकूण २८ चौरस फूट. एवढ्या भिंतीत टाइलच्या आकारानुसार सांध्यांची एकूण लांबी किती भरते, ते मी काढून पाहिले. ओटा आणि भिंत जिथे मिळतात तो सांधाही त्यात धरला आहे. आमच्या जुन्या सहा इंची टाइल्समध्ये ती ११२ फूट होती. सबवे टाइल्स लावल्या असत्या तर १६८ फूट झाली असती. जाळीवर चिकटवून येणाऱ्या एक इंची मोझेकला ६७२ फूट, म्हणजे आमच्या इमारतीच्या उंचीच्या कितीतरी पट लांब अशी एक दोरी, जी रोज ओल्या फडक्याने पुसायची. त्या मोझेकचे सांधे दोन मिलिमीटर रुंद धरले तरी २८ चौरस फुटांपैकी सुमारे ४.४ चौरस फूट भिंत टाइलची नसून भरावाचीच असते. याउलट एक फूट बाय दोन फुटांची टाइल आडवी लावली तर मध्ये एक आडवा सांधा १४ फुटांचा, ओट्यालगत दुसरा १४ फुटांचा आणि उभे सगळे मिळून आणखी १४. एकूण फक्त ४२ फूट. (षटकोनी टाइल्सची सध्या फार चलती आहे. समोरासमोरच्या बाजूंत सहा इंच अंतर असलेल्या षटकोनाचे सांधे चौकोनी सहा इंची टाइलइतकेच भरतात, हे पाहून मला थोडे आश्चर्य वाटले. पण गणिताने ते लगेच पटतेही, कारण दोन्हींच्या आत मावणारे वर्तुळ एकच असते. वर्गात हे उदाहरण द्यायचे राहून गेले.)

हा हिशेब मी विक्रेत्यासमोर मांडला तेव्हा तो म्हणाला, ‘इतका विचार कोणी करत नाही.’ ते खरे असेलही, पण त्याचे कारण हा हिशेब कोणी सांगत नाही हेच आहे.

दुसरा भाग डागांचा. आपल्या स्वयंपाकातला खरा रंगारी म्हणजे हळद. तिच्यातले रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते. त्यामुळे फोडणीतून उडालेला प्रत्येक थेंब म्हणजे तयार रंगच असतो, आणि मोहरीचा दाणा आतल्या ओलाव्याची वाफ होऊन फुटतो तेव्हा तो थेंब भिंतीपर्यंत पोहोचवण्याचे कामही तोच करतो. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. हळदीवर चुन्याची किंवा टाकणखाराची क्रिया करून कुंकू होते, त्यातलेच हे रसायन. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की फिका पडतो. ओट्यामागच्या भिंतीला ती सोय नाही, कारण बहुतेक सदनिकांत तिथे ऊन कधी पोहोचतच नाही. चिमणी लावली म्हणजे हा प्रश्न सुटतो असे पुष्कळांना वाटते. चिमणी वाफ आणि धूर ओढते, पण आडवा उडालेला शिंतोडा तिच्या हाती लागत नाही.

म्हणून मी दुकानदारांकडे नमुन्याचे तुकडे मागितले. दोघांनी दिले, एकाने ‘खोके उघडता येणार नाही’ असे सांगितले आणि एकाने हसून टाळले. मिळालेल्या तुकड्यांवर, आणि मिस्त्रींकडून मागून घेतलेल्या संगमरवराच्या एका तुकड्यावर, मी गरम तेलात हळद-तिखट घालून ठिपके दिले, शेजारी चिंचेचा कोळ आणि लिंबाचा रस ठेवला आणि सगळे रात्रभर गॅलरीत राहू दिले. सकाळी भांड्यांच्या साबणाने मऊ फडक्यानेच धुतले, कारण रोज काथ्याने घासायला कोणाला वेळ आहे? चकचकीत झिलई असलेली साधी सिरॅमिक टाइल पूर्ण स्वच्छ निघाली. त्याच रंगाच्या मॅट टाइलवर, जी हाताला किंचित खरखरीत लागत होती, पिवळी छटा राहिली आणि ती तिसऱ्या धुण्यात गेली. संगमरवरावर हळदीपेक्षा लिंबाने नुकसान केले. संगमरवर म्हणजे मूलतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागले की पृष्ठभागच खाल्ला जातो, त्यामुळे तिथे उरलेला फिका ठिपका पुसून जाण्यासारखा नव्हताच. आणि ती निळी नक्षीची टाइल? ती खऱ्या अर्थाने सिमेंटची, झिलई नसलेली निघाली. तिने तेल पिऊन टाकले होते. सूनबाईंनी ती उचलून पाहिली, काही बोलल्या नाहीत, आणि मला त्याचे वाईटही वाटले. तशीच नक्षी झिलईच्या टाइलवर छापलेली मिळते हे आम्हाला नंतर कळले. पणजीच्या जुन्या वस्तीत भिंतींवर दिसणाऱ्या आझुलेझू, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगीत टाइल्स पावसापाण्यात तग धरतात त्याही झिलईमुळेच.

इथे एका गैरसमजाविषयी लिहिले पाहिजे, कारण त्यापायी पुष्कळांचे पैसे जातात. ‘भिंतीलाही विट्रिफाइडच घ्या, मजबूत असते,’ असे आम्हाला तीन ठिकाणी सांगण्यात आले. (विट्रिफाइड म्हणजे खूप आचेवर भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल.) टाइल्सची वर्गवारी मुख्यतः तिचे अंग किती पाणी शोषते यावर होते. भिंतीची साधी झिलईदार टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते आणि विट्रिफाइड जवळजवळ शोषतच नाही, हे खरे; पण ते शोषणे असते मागच्या, न झिलई केलेल्या बाजूचे, आणि ती बाजू भिंतीकडे असते. समोरची झिलई दोन्हींची सारखीच अभेद्य. भिंतीवरून कोणी चालत नाही की तिच्यावर सिलिंडर सरकवत नाही. उलट विट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही म्हणूनच साध्या सिमेंटच्या गाऱ्याला नीट धरत नाही, तिला टाइलसाठीचा खास अॅडहेसिव्ह लागतो. तो न वापरता लावलेली टाइल काही वर्षांनी नाण्याने वाजवून पाहावी, ती पोकळ वाजते. साधी टाइल लावायची तर आधी पाण्यात भिजवावी लागते, आणि ते मिस्त्रींवर सोडून चालत नाही, बादली आपणच भरून ठेवावी.

काचेचा पर्याय आम्ही गंभीरपणे पाहिला. मागून रंग दिलेल्या सलग काचेला मधले सांधे जवळपास नाहीतच, म्हणजे माझ्या हिशेबात ती पहिली यावी. पण शेगडीमागे काच कडक केलेली, म्हणजे टफन केलेलीच हवी, आणि एकदा टफन केली की तिला भोक पाडता येत नाही की ती कापता येत नाही. मिक्सरचा प्लग कुठे, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचा कुठे, हे सारे आधी मिलिमीटरमध्ये ठरवावे लागते. आमच्याकडे प्लगच्या जागा काम चालू असतानाच दोनदा बदलल्या, त्यामुळे तो विचार सोडला. क्वार्ट्झची पाटी ओट्यासाठी उत्तम असेल, पण तिच्यात दगडाची भुकटी बांधून ठेवणारे, प्लास्टिकसारखे रेझिन असते आणि मोठ्या बर्नरच्या सततच्या आचेपुढे ते टिकण्याची खात्री कोणी दिली नाही. स्टीलचा पत्रा हॉटेलच्या भटारखान्यात शोभतो. चिकटवायचे प्लास्टिकचे कागद गॅसच्या ज्योतीमागे लावणाऱ्यांना मी फक्त हात जोडते.

शेवटी आम्ही एक फूट बाय दोन फुटांची, चकचकीत झिलईची, फिक्या राखाडी रंगाची साधी टाइल घेतली. पांढरी घेतली नाही कारण तिच्यावर सगळेच दिसते. गडद घेतली नाही कारण तिच्यावर हळद लपली तरी बोअरवेलच्या पाण्याचे क्षार वाळून सिंकमागे पांढरे ओघळ दिसतात, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात ते पाणी असतेच. भिंतीला चौदा टाइल्स लागणार होत्या, खिडकीच्या कोपऱ्यातली काटछाट धरून सोळा लागल्या. खोक्यात पाच नग येत होते, म्हणून चार खोकी घेतली आणि चारही खोक्यांवरचा शेड व लॉटचा क्रमांक एकच आहे हे पैसे देण्याआधी पाहिले. दुकानदाराला तेही नवलाचे वाटले. पण दोन लॉटमधला राखाडी रंग दुकानात सारखा दिसतो आणि भिंतीवर शेजारी शेजारी लागला की वेगळा.

सांध्यांसाठी नेहमीचा सिमेंटचा ग्राउट, म्हणजे भराव, न वापरता इपॉक्सी, म्हणजे तेल न पिणारा रेझिनचा भराव, वापरला. तो अनेक पटींनी महाग असतो, पण ६७२ फुटांना महाग असलेली वस्तू ४२ फुटांना परवडते, हा त्या हिशेबाचा आणखी एक लाभ. मिस्त्रींचा आग्रह ‘बिनजोड’ लावण्याचा होता, म्हणजे टाइलला टाइल भिडवून. ते दिसायला सुरेख, पण टाइल्सच्या मापात केसभर फरक असतोच आणि शेगडीमागे त्या तापतात-निवतात. भिडवलेल्या टाइल्सना हलायला जागा राहत नाही आणि त्यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत ग्राउटही शिरत नाही, शिरते ते फक्त तेल. दोन मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे टाइल्समध्ये फट राखणारे तुकडे, मी स्वतः आणून दिले. ओटा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात मात्र ग्राउट घालू दिला नाही, तिथे सिलिकॉन भरले. ग्रॅनाइट आणि भिंत वेगवेगळ्या हलतात आणि कडक भराव तिथे हमखास तडकतो, मग सिंककडचे पाणी त्यातून ट्रॉल्यांच्या मागे उतरते. जुन्या ओट्यामागे ओल कशामुळे होती, हे तो फोडला तेव्हा दिसलेच होते.

सगळे शहाणपण करूनही एक गोष्ट चुकली. इपॉक्सी भरल्यावर टाइलवर पसरलेला त्याचा थर घट्ट होण्याआधी पुसून काढावा लागतो. कामगार जेवायला गेले, मी बँकेत गेले आणि तीन टाइल्सवर त्याची धुरकट पापुद्री कायमची बसली. तिरप्या उजेडात ती दिसते. पाहुण्यांना मी दाखवत नाही, पण आपल्या वाचकांना सांगण्यात कमीपणा वाटत नाही.

संपादक महोदय, ही एका घराची कथा म्हणून मी लिहिलेली नाही. आज मुंबई-पुण्यापासून लहान तालुक्यांपर्यंत घरोघरी ओटे बदलत आहेत, आणि या अठ्ठावीस-तीस चौरस फुटांचा निर्णय बहुतेक ठिकाणी दुकानातल्या दिव्याखाली, अर्ध्या तासात, अनेकदा ती भिंत कधीच न पुसणाऱ्या माणसाकडून घेतला जातो. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताईंना मी नमुन्याचे तुकडे दाखवले तेव्हा त्यांनी डोळे न उचलता मॅट टाइल बाजूला काढली आणि ‘ही नको, हिला घासावं लागतं,’ एवढेच म्हणाल्या. त्या रोज पाच घरांच्या भिंती पुसतात. माझ्या रात्रभराच्या प्रयोगाचे उत्तर त्यांना बोटाने कळले होते.

टाइल विक्रेत्यांना माझी विनंती इतकीच, की ग्राहकाने मागितल्यास एक तुकडा घरी नेऊ द्यावा आणि टाइल सिमेंटची आहे की झिलईची, हे स्वतःहून सांगावे. आणि आपल्या पुरवणीला विनंती अशी, की यापुढे स्वयंपाकघरांवर लेख छापताना टाइलच्या रंगासोबत तिचा आकार, पृष्ठभाग आणि सांधे कशाने भरले आहेत, ही माहिती द्यावी. त्याच स्वयंपाकघरांचे छायाचित्र वर्षभराने पुन्हा छापता आले तर फारच उत्तम. आमच्या भिंतीचेही छापण्यास माझी हरकत नाही. छायाचित्रकाराने सकाळी साडेनऊच्या सुमारास यावे. तेव्हा आमटीला फोडणी बसत असते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
डोंबिवली (पूर्व)